आजोबांच्या ट्रंकेतले फोटो, त्यांतल्या गाड्या आणि आजींच्या आठवणी

प्रश्न थोडक्यात असा. मिरजेच्या जुन्या घरातली ट्रंक उघडली, तिच्यात तीन फोटो सापडले. पहिला चौकोनी, काळा-पांढरा, पांढऱ्या किनारीचा. त्यात चार-पाच वर्षांचे बाबा एका काळ्या गाडीच्या बोनेटवर बसलेत. दुसरा रंगीत पण पार लाल पडलेला, महाबळेश्वरच्या सहलीचा; त्यात तुम्ही स्वतः लहान आणि मागे पद्मिनी गाडी. तिसरा आजी-आजोबांच्या लग्नाचा, हारांनी सजवलेल्या मोठ्या गाडीपुढचा, हातानं रंगवलेला आणि फ्रेमच्या काचेला चिकटलेला. गाड्या कोणत्या, आपल्या होत्या का, फोटो कधीचे, आणि पुण्यापासून अमेरिकेपर्यंत पांगलेल्या भावंडांना ते धड कसे पाठवायचे, असं तुम्ही विचारलंय. आजोबा शाळामास्तर होते, बाबांचा जन्म १९५७ चा. आजी आहेत, छान बोलतात, पण तारखा विचारल्या की गप्प होतात, असंही लिहिलंय.

माझी हयात फोटो स्टुडिओत गेली, आधी डार्करूममध्ये आणि आता स्कॅनरपुढे. लोक जुने अल्बम घेऊन येतात आणि दर दुसऱ्या अल्बमात एखादी गाडी असतेच. म्हणून सुरुवातीलाच सांगतो: घाई करायची असेल तर आजींच्या बाबतीत करा. फोटो नीट ठेवले तर टिकतील. त्यांत कोण कुठे उभं आहे आणि का, हे सांगणारं माणूस मात्र एकच उरलंय. गाडी ओळखून आपल्याला साल काढता येतं, गोष्ट काढता येत नाही.

आता पहिला फोटो. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत गाडीचं पुढचं दार उघडं आहे आणि ते उलटं उघडलंय, म्हणजे बिजागरी मधल्या खांबाला आणि दाराची मोकळी कड बोनेटकडे. गोलसर नाकाडी, फुगीर मडगार्डं, चार दारं. ही आपली डुक्कर फियाट. प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्याच्या कारखान्यात १९५४ पासून काढलेली फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी काढलेली ही कंपनी. १९४७ पासून ती डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकी गाड्या जोडून विकत होती, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. दार बंद असलेल्या फोटोतही ही गाडी ओळखता येते. दोन्ही दारांच्या मुठी बघा. डुक्कर फियाटमध्ये पुढच्या दाराची मूठ पुढच्या टोकाला आणि मागच्याची मागच्या टोकाला, म्हणजे दोन मुठी एकमेकींपासून लांब. १९६४ च्या सुमारास डिलाइट ही पुढची फियाट आली, तिच्यात दोन्ही दारं आज उघडतात तशी उघडायला लागली आणि दोन्ही मुठी आपापल्या दाराच्या मागच्या कडेला गेल्या. फोटो कितीही धूसर असला तरी मुठीचा चकचकीत ठिपका बहुतेक वेळा दिसतो. माझी पहिली नजर तिथेच जाते.

नंबरप्लेट अर्धी पायाआड गेलीय, पण पहिलं अक्षर ‘बी’ आहे असं तुम्ही म्हणता. मला प्रिंटमध्येही तेच दिसतंय. १ मे १९६० ला महाराष्ट्र होण्याआधी इथली गाडी मुंबई राज्यात नोंदली जायची आणि क्रमांक ‘बी’नं सुरू व्हायचा, पुढे ‘एम’नं सुरू होणारे तीन अक्षरी क्रमांक आले. आज आपण बघतो ते एमएच-१२, एमएच-०९ हे प्रकरण १९८९ चं, नवा मोटार वाहन कायदा लागू झाल्यानंतरचं. तेव्हा ही गाडी १९५४ ते १९६० च्या दरम्यान रस्त्यावर आली. पण गाडीचं साल म्हणजे फोटोचं साल नव्हे, आणि नेमक्या याच ठिकाणी बहुतेक घरांची गल्लत होते. त्या काळी गाडी वीस-वीस वर्षं वापरली जायची. गाडी फक्त एवढंच सांगते की फोटो हिच्या आधीचा नाही. फोटो कधीचा हे मूल सांगतं. बाबा १९५७ चे, फोटोत चार-पाच वर्षांचे; दुधाचे दात सगळे जागेवर आहेत. म्हणजे १९६१-६२. घरात जन्मतारखा ठाऊक असलेलं एखादं पोर फोटोत सापडलं की ते गाडीपेक्षा, कपड्यांपेक्षा, कशाहीपेक्षा भरवशाचं.

फोटोच्या चौकोनी आकारालाही अर्थ आहे. १२० नंबरच्या फिल्मवर सहा-बाय-सहा सेंटिमीटरचे बारा फोटो निघायचे, सहा-बाय-नऊचे आठ. साठ-सत्तरच्या दशकांत मराठी मध्यमवर्गीय घरांत पोचलेला आगफा क्लिक थ्री हा असाच चौकोनी फोटोचा कॅमेरा, बडोद्याला बनायचा. बारा फोटोंत एक अख्खी दिवाळी किंवा अख्खी मुंज बसवायची असे. त्यातला एक फोटो कुणीतरी बोनेटवर बसलेल्या पोरावर खर्च केला, तेव्हा तो विचार करून काढलेला आहे असं समजा. या साध्या कॅमेऱ्यांना ऊन पाठीशी लागायचं, म्हणून बाबांचे डोळे मिचकावलेले आहेत. आणि फोटोच्या खालच्या कडेला बघा, एक सावली आलीय. डोकं, एक कोपर, आणि कमरेपाशी काहीतरी धरलंय. तो फोटो काढणारा. क्लिक थ्री डोळ्याला लावायचा, पोटाशी धरायचा नव्हे. तेव्हा कमरेपाशी कॅमेरा असेल तर तो वरून खाली बघायचा, बॉक्स किंवा दोन भिंगांचा असणार. असा कॅमेरा त्या काळी मिरजेत कुणाकडे होता हे आजींना नक्की आठवेल. त्या माणसाचं नाव कळलं तर गाडी कुणाची तेही बहुधा कळेल.

गाडी तुमची होती का? मला तसं वाटत नाही, आणि याचं वाईट वाटून घेऊ नका. शाळामास्तराच्या पगारात १९६१-६२ ला फियाट येणं कठीण होतं, आणि पैसे असले तरी गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. जुन्या अल्बमांतल्या बऱ्याचशा गाड्या दुसऱ्याच्याच असतात. मुंबईहून आलेल्या आतेभावाची, गल्लीतल्या डॉक्टरांची, लग्नाला भाड्यानं आणलेली, साहेबांची. जत्रेतल्या स्टुडिओत तर लाकडी पाट्यावर रंगवलेली मोटार असायची, मागे बसून नुसतं स्टिअरिंग धरायचं. तसले फोटोही ‘आजोबांची गाडी’ म्हणून माझ्याकडे आलेत. मिरज दवाखान्यांचं गाव, तेव्हा डॉक्टरांची शक्यता मी वर धरीन. पण गाडी दुसऱ्याची असली की फोटोला उलट जास्त गोष्ट असते. मालकानं पोराला बोनेटवर बसू दिलं, म्हणजे घरोबा होता. कुठला, किती, कशामुळे, हे विचारायचं.

‘काळी गाडी’ याबद्दलही हात आखडता ठेवा. काळ्या-पांढऱ्या फोटोत गडद हिरवी, मरून, निळी, सगळ्या काळ्याच दिसतात. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तर लाल रंग दिसतच नसे, तो पार काळा उतरायचा. त्यामुळे फोटोखाली ‘काळी फियाट’ लिहू नका, ‘गडद रंगाची’ लिहा आणि आजींना विचारा. रंग लोकांना आठवतो. साल आठवत नाही, रंग आठवतो.

प्रिंटची मागची बाजू तुम्ही पाठवली नाहीत, ती नक्की बघा. स्टुडिओचा जांभळा शिक्का असेल तर गाव कळलं. पेन्सिलीनं काही आकडे असतील, १४७/२ असे, तर ती तारीख नाही. आम्ही स्टुडिओवाले ऑर्डरचा नंबर तसा टाकायचो. कागदावर कंपनीचं नाव फिकट छापलेलं असतं. आगफा आणि गेवर्ट या दोन कंपन्या १९६४ मध्ये एक झाल्या, तेव्हा ‘आगफा-गेवर्ट’ असं जोडनाव दिसलं तर तो कागद त्यानंतरचा. फोटो ६१-६२ चा आणि कागद नंतरचा, असंही होऊ शकतं. याचा अर्थ तुमच्या हातातली प्रत पुढे कधीतरी निगेटिव्हवरून पुन्हा काढलीय. म्हणजे निगेटिव्ह जपून ठेवलेली होती. ट्रंकेच्या तळाशी, जुन्या पत्रिकांमध्ये, खाकी पाकिटात ती अजून असू शकते. शोधाच. छोट्या प्रिंटमध्ये न वाचता येणारी नंबरप्लेट निगेटिव्हमध्ये लख्ख वाचता येते, हे मी अनेकदा पाहिलंय. सापडली तर बोटं फक्त कडांना लावा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती फिल्म विघटन पावायला लागलीय. बाकीच्यांपासून वेगळी करा आणि सगळ्यांत आधी तिचं स्कॅनिंग करून घ्या.

आणखी एक तपासणी, जी प्रत्येक गाडीच्या फोटोवर मी करतो. स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे? आपल्याकडे उजवीकडे. ते डावीकडे दिसलं तर परदेशी गाडी म्हणून हुरळून जाण्याआधी पुरुषांच्या शर्टाची बटणपट्टी आणि मनगटावरचं घड्याळ बघा. तेही उलट्या बाजूला असेल तर निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये, म्हणजे प्रिंट मोठी करायच्या यंत्रात, पालथी बसलीय. सरळ करून घ्या. पदरावरून हे ठरवू नका, गुजराती पद्धतीनं उजव्या खांद्यावर पदर घेणाऱ्या बायका आपल्याकडच्या अल्बमांत भरपूर असतात.

महाबळेश्वरच्या फोटोवर फार वेळ घालवत नाही. प्रीमियर पद्मिनी, म्हणजे १९७४ नंतरची. त्याआधी एक-दोन वर्षं तीच गाडी प्रेसिडेंट नावानं विकली जायची. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं आहेत, तेव्हा खासगी गाडी. भाड्याच्या गाडीची पाटी त्या काळी पांढरी असायची. तीन अक्षरी क्रमांक, म्हणजे १९८९ च्या आधी नोंदलेली. कोपऱ्यातली नारिंगी ‘८७’ ही तारीख मात्र खरी धरू नका. तुमचा जन्म ८६ चा आणि फोटोत तुम्ही चांगल्या सहा वर्षांच्या आहात. त्या कॅमेऱ्यांची बॅटरी बदलली की तारीख मूळपदावर जायची आणि घरात कुणी ती परत लावत नसे. तेव्हा ९२ च्या आसपासचा फोटो.

तो लाल पडलाय त्याचं कारण कागदाच्या आत आहे. रंगीत प्रिंटमध्ये निळसर, गुलाबी आणि पिवळा अशा तीन रंगद्रव्यांचे थर असतात. अंधाऱ्या ट्रंकेत, उष्णतेत, त्या काळच्या कागदांवरचा निळसर थर आधी विरतो आणि उरतो तो लालसरपणा. गेलेलं द्रव्य प्रिंटमध्ये परत येत नाही, पण स्कॅन केल्यावर तीन रंगांचा तोल संगणकावर वेगवेगळा सुधारता येतो. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि समाधान मोठं. तुमच्या स्वेटरचा रंग ठाऊक असेल तर तो धरून सुधारा, बाकीचं आपोआप जागेवर येतं.

तिसरा फोटो लग्नाचा, तुमच्या माहितीप्रमाणे १९५४ चा. गाडी हारांत बुडालीय, जाळी दिसत नाही, तेव्हा मी नाव ठामपणे सांगणार नाही. बोनेटची उंची, मागे उतरत गेलेलं टप आणि मडगार्डांचा थाट अमेरिकी आहे, चाळीसच्या दशकातला. जनरल मोटर्सचा गाड्या जोडायचा कारखाना शिवडीला १९२८ पासून होता, फोर्डचंही मुंबईत बस्तान होतं. सरकारनं इथेच गाडी बनवण्याचा आग्रह धरल्यावर दोघांनीही १९५४ च्या सुमारास गाशा गुंडाळला. त्यामुळे शेवरलेट, फोर्ड, डॉज अशा मोठ्या गाड्या पुढची कितीतरी वर्षं आपल्या लग्नांत, मिरवणुकांत दिसत राहिल्या. चाकाच्या मधल्या झाकणावर बहुधा नाव किंवा चिन्ह असतं. हार तिथपर्यंत पोचत नाहीत. मोठं स्कॅन झालं की ते झाकण बघू.

आता आजींबद्दल. तारखा विचारल्या की त्या गप्प होतात, कारण तारीख विचारणं म्हणजे परीक्षा घेणं. ‘हा फोटो कधीचा?’ हा प्रश्न टाकून द्या. गाडीबद्दल विचारा. कोण चालवायचं? तुम्ही कुठे बसला होतात? मांडीवर कोण होतं? डबा कशाचा होता? पोरांना गाडी लागायची का?

हे प्रश्न का चालतात ते फियाटमध्ये बसलेल्याला ठाऊक आहे. पुढे एकसंध बाक, गिअर स्टिअरिंगपाशी हँडलला, त्यामुळे पुढच्या बाकावर चालवणारा, मधे एखादं पोर आणि काचेकडे थोर माणूस. मागे चार मोठी माणसं आणि त्यांच्या मांडीवर मावतील तेवढी मुलं. दाराच्या काचेपुढे छोटी त्रिकोणी काच, ती तिरकी केली की वारा थेट तोंडावर. तिच्यापाशी कोण बसणार यावरून प्रत्येक घरात भांडणं झालीत. उन्हात तापलेलं रेक्झिन मांड्यांना चिकटायचं. थंडीत सकाळी चोक ओढून गाडी सुरू करायची, नाहीच झाली तर सगळ्यांनी उतरून ढकलायची. घाटात पाणी उकळलं की बोनेट उघडून थांबायचं आणि तेवढ्यात डबे सुटायचे. ज्या माणसाला साल सांगता येत नाही, त्याला आपण कुठल्या काचेपाशी बसलो होतो हे सांगता येतं. आणि तिथून बाकीची माणसं एकेक करून आठवायला लागतात. कोण कुणाशेजारी बसलं, कोण रुसलं, कोण आलंच नाही. मग ‘तेव्हा धाकटी पोटात होती’ असं एखादं वाक्य येतं आणि साल आपोआप मिळतं.

मिरजेच्याच बाजूच्या एका बाईंनी सासूबाईंना माझ्याकडे आणलं होतं. फोटोत दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड, पुढे सहा मुलं. सासूबाई म्हणाल्या, काही आठवत नाही. मी फोटोचा विषयच सोडला आणि विचारलं, दोन दारांच्या गाडीत मागे चढायचं कसं हो? त्या लगेच खुर्चीवरून उठल्या आणि पुढची सीट वाकवून, नऊवारी सावरत आत कसं शिरायचं ते करून दाखवलं. मग हसत म्हणाल्या, मला एकदा उतरताच येईना, तर भाऊजींनी हात दिला होता. सुनेनं विचारलं, कुठले भाऊजी? त्या घरातल्या एका दिराचं नाव कित्येक वर्षं कुणी काढलं नव्हतं. त्या दिवशी ते निघालं आणि पुढचा तासभर सासूबाई त्यांच्याबद्दलच बोलत होत्या.

बोलणं सुरू झालं की फोन टेबलावर ठेवून रेकॉर्ड करा. आधी सांगून, विचारून. मधे दुरुस्त्या करू नका. आजी म्हणाल्या अॅम्बॅसेडर आणि फोटोत फियाट आहे, तरी बोलू द्या. कदाचित त्या दुसऱ्याच प्रवासाबद्दल बोलत असतील आणि तोही तुम्हाला हवाच आहे. बैठक अर्ध्या तासाची ठेवा, थकू देऊ नका. दाखवायला मूळ फोटो हातात देऊ नका, मोठी प्रिंट द्या; अंगठ्याएवढं तोंड ऐंशी-नव्वदीच्या डोळ्यांना दिसत नाही आणि मग आपण समजतो की विसरल्या.

स्कॅनिंगचं सांगतो. सपाट काचेचा साधा स्कॅनर पुरतो. पोस्टकार्डाएवढी प्रिंट ६०० डीपीआयला (हे स्कॅनच्या बारकाईचं माप), तुमची ती छोटी चौकोनी १२०० ला, निगेटिव्ह २४०० किंवा त्याहून जास्त. काळा-पांढरा फोटोही रंगीत मोडमध्येच स्कॅन करा, कागदाचा पिवळेपणा आणि डाग नंतर वेगळे काढता येतात. मूळ प्रत टिफ या फाइल-प्रकारात ठेवा, वाटायला जेपेग. पाठीमागची बाजू, किनार, फाटलेला कोपरा, सगळं स्कॅनमध्ये येऊ द्या. कापाकापी प्रतीवर करा. स्कॅनर नसेल तर फोनही चालतो, पण फ्लॅश बंद, फोटो सपाट, फोन बरोब्बर समांतर, आणि उजेड खिडकीतला पण थेट ऊन नको.

पाठवताना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून टाकलात तर तो दाबला जाऊन बारीक होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा ड्राइव्हवर एक फोल्डर करून भावंडांना त्याची लिंक द्या. फाइलच्या नावातच माहिती घाला: ‘१९६१-६२ अंदाजे, मिरज, बाबा, फियाट’. ‘अंदाजे’ हा शब्द लिहायला लाजू नका, त्यानं पुढच्या माणसाचं काम सोपं होतं. एक प्रत घरच्या हार्डडिस्कवर, एक ऑनलाइन, एक दुसऱ्या गावातल्या भावाकडे. आणि ग्रुपवर तिन्ही फोटो एकदम टाकू नका. एक टाका, चार दिवस थांबा. कोण काय लिहितंय ते उतरवून ठेवा, कारण दोन महिन्यांनी गुड मॉर्निंगच्या ढिगाऱ्यात ते सापडणार नाही.

घराबाहेर, सगळ्यांना दिसेल असं टाकायचं असेल तर फोटोतल्या हयात माणसांना विचारा. आजींना त्यांच्या लग्नाचा फोटो जगानं बघायला हवाय का, हे त्यांनीच ठरवायचं. गाडी अजून कुणाकडे असेल तर नंबर झाका.

आता हे नवे अॅप, जे चेहरे स्वच्छ करून देतात आणि काळ्या-पांढऱ्यात रंग भरतात. माझं मत कडक आहे. ते चेहरा स्वच्छ करत नाहीत, नवा चेहरा काढतात. डोळे जरा मोठे होतात, दात सरळ होतात, आणि घरातलं पोर तो चेहरा पणजोबांचा म्हणून लक्षात ठेवतं. गाडीच्या पाटीवर जी अक्षरं नाहीत ती उमटतात. हौस म्हणून करा, पण त्या प्रतीवर ‘संगणकानं रंगवलेली’ असं ठळक लिहा आणि तिच्यासोबत मूळ प्रतही पाठवा. तुमच्या लग्नाच्या फोटोवरचे रंग ही वेगळी गोष्ट आहे. ते कुणा माणसानं कापसाच्या बोळ्यानं आणि बारीक ब्रशनं चढवलेत: गालावर किंचित गुलाबी, शालूच्या काठाला पिवळा, हारांना हिरवा-पांढरा. गाडीला त्यानं हात लावलेला नाही. हे काम आता फार थोडे लोक करतात. त्याला डिजिटल दुरुस्ती करून फिकट भागांत रंग भरू नका, आहे तसाच स्कॅन करा.

आणि म्हणूनच, काचेला चिकटलेला तो फोटो ओढून काढायचा नाही. ओलावा आत शिरून वरचा जिलेटिनचा थर काचेला चिकटलाय; ओढलात तर चेहरे काचेवर राहतील आणि हातात कोरा कागद येईल. पाण्यात भिजवूनही नाही, हाताचे रंग धुऊन जातील. मागचा पुठ्ठा आणि खिळे सावकाश काढा, फोटो आणि काच एकत्रच ठेवा, काच बाहेरून कोरड्या मऊ कापडानं पुसा आणि काचेसकट स्कॅनरवर पालथी घाला. चमक आली तर खिडकीपाशी, कॅमेऱ्यामागे काळं कापड धरून फोटो काढा. प्रत नीट मिळाली की मूळ वस्तू काचेसकट नव्या पुठ्ठ्यावर, आम्लविरहित कागद मधे घालून बसवा, आणि बाहेरच्या भिंतीवर, ओल येते तिथे, लावू नका. लॅमिनेशन कुणी सुचवलं तर नको म्हणा, त्यातून फोटो परत बाहेर येत नाही. महाबळेश्वरचा फोटो चिकट पानांच्या अल्बममधून काढायचा असेल तर साधा, मेण न लावलेला, दातांच्या फटी साफ करायचा दोरा कागदाखालून करवतीसारखा हळूहळू फिरवा. पान अडलं तर थांबा आणि पानासकट स्कॅन करा. पाठीवर नावं लिहायची ती मऊ पेन्सिलीनं, कडेला, बॉलपेननं कधीच नाही. पावसाळ्यात ट्रंक माळ्यावर नको, पत्र्याखाली तर नकोच. कपाटाचा मधला खण आणि सिलिका जेलच्या दोन पुड्या, एवढं पुरे.

निगेटिव्ह सापडली किंवा चाकाचं झाकण स्कॅनमध्ये दिसलं तर पाठवा, लग्नातली गाडी नावानिशी सांगायचा प्रयत्न करतो. तोवर आजींना एवढंच विचारून बघा: बाबांना बोनेटवर उचलून बसवलं कुणी?